आबांची पद्मिनी आणि बदली कार्बोरेटर

आमच्या गोठ्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. पूर्वी तिच्यात कडबा असे. १९८६ सालापासून तिच्यात आबांची पद्मिनी मोटार असते आणि कडबा बाहेर भिजतो. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या वेळी दारात मोटार असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. आबांनी ती दोन हंगामांच्या उसाच्या पैशांतून घेतली आणि आईने मागितलेले स्वयंपाकघराचे नवे छप्पर पुढे चार वर्षे लांबले. आई ही गोष्ट अजून विसरलेली नाही.

या मोटारीच्या नोंदणीची मुदत यंदा संपते. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासणीला नेऊन नूतनीकरण करून घ्यावे लागते. तपासणीला न्यायची म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे. आणि आमची पद्मिनी तर दिवाळीपासून रुसून बसली होती. सकाळी दम लागल्यासारखी सुरू व्हायची, चोक आत ढकलला की बंद पडायची. कशीबशी रस्त्यावर काढली तर चढाला झटके देई. शेडमध्ये पेट्रोलचा वास कोंडलेला असे. धाकटा भाऊ एकदा जेवताना म्हणाला, "भंगारवाला किलोवर घेऊन जातोय. आबांची समजूत घाला." आबा काही बोलले नाहीत. ताटावरून मात्र उठून गेले.

त्या रात्री मी ठरवले, की भंगारवाल्याला बोलवायच्या आधी एकदा रोग तरी नीट पाहू.

ज्या तरुण वाचकांनी पद्मिनी रस्त्यावर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही मूळ इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार होई. ही कंपनी १९४४ मध्ये शेठ वालचंद हिराचंद यांनी काढली. शेठजी जन्माने सोलापूरचे, आणि आमच्याच तालुक्यातले वालचंदनगर त्यांनीच वसवले. माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा करणाऱ्या माणसानेच मोटारीचा कारखानाही काढला, याचा आबांना भारी अभिमान. १९६४ पासून ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी' झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचीही पाळी संपली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कार्बोरेटर करतो तरी काय? ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ठिबकमधून खत सोडायला आपण व्हेंच्युरी बसवतो. पाण्याची वाट मध्येच अरुंद केली की तिथे पाण्याचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि पिंपातले खताचे पाणी आपोआप ओढले जाते. कार्बोरेटरमध्ये हेच घडते. इंजिन हवा ओढते, ती हवा अरुंद गळ्यातून जाते आणि शेजारच्या छोट्या वाटीतले पेट्रोल बारीक भोकातून ओढून घेते. त्या भोकाला जेट म्हणतात. पाण्याच्या टाकीत जसा तरंगणारा चेंडू टाकी भरली की तोटी बंद करतो, तसा या वाटीत फ्लोट असतो आणि तो एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडले की गाडी एक तर काळा धूर ओकते, नाही तर अडखळते. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतो, आणि २०२० नंतरच्या नव्या मोटारसायकलींनाही बहुधा नसतो. त्यामुळे गावातल्या तरुण मिस्त्र्यांचा हात या कामावर बसलेला नाही. आमच्या नाक्यावरच्या पोराने बॉनेट उघडून पाहिले आणि "याला कॉम्प्युटर कुठं लावायचा?" असे विचारले. त्याची चूक नाही.

बारामतीकडचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सारे त्यांना चाचा म्हणतात. हयातभर फियाट आणि जीप यांच्यातच त्यांनी हात काळे केले. त्यांना घेऊन आलो. चाचांनी आधी चहा घेतला, मग आबांशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाले, "कार्बोरेटर बदलायचा हे कुणी ठरवलं? मी अजून काही पाहिलं नाही."

हे त्यांचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. पुष्कळ लोक गाडी अडली की कार्बोरेटर उघडतात आणि दोष असतो पॉइंटमध्ये किंवा प्लगमध्ये. चाचांनी आधी चारही प्लग काढून ओळीने मांडले. दोन काळे, काजळी धरलेले. दोन पांढुरके. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. एकाच इंजिनात दोन्ही दिसले तेव्हा चाचांच्या कपाळाला आठी पडली. मग पॉइंटची फट पाहिली, पॉइंट घासून साफ केले. नंतर पंपाकडून येणारी नळी कार्बोरेटरवरून सोडवून बाटलीत धरली, कॉइलची वायर काढून ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितले. पेट्रोलची धार ठीक होती, म्हणजे पंप निर्दोष. पण बाटली दोन तास उन्हात ठेवल्यावर तळाशी पातळसा वेगळा थर दिसू लागला.

"पाणी," चाचा म्हणाले.

याच्यामागे आपल्या सर्वांच्या घराशी संबंध असलेली गोष्ट आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ मध्ये ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली. देशभरात हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. हे इथेनॉल मळीतून, उसाच्या रसातून आणि मका-तांदळातूनही निघते. साखरेला उठाव नसला तरी कारखान्याला दुसरा आधार मिळतो, हे आपण ऊसवाले जाणतोच, आणि मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. पण इथेनॉलला पाण्याची ओढ असते. ते हवेतला ओलावा धरते, आणि पाणी एका हद्दीपलीकडे गेले की दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. रोज पळणाऱ्या गाडीत त्यांना बसायला वेळच मिळत नाही. आमची पद्मिनी पावसाळाभर अर्ध्या टाकीने शेडमध्ये उभी होती. जुन्या गाड्यांचे रबर आणि कार्बोरेटरचा मऊ मिश्रधातू या पेट्रोलसाठी केलेला नव्हता. नळ्या फुगतात, मग चिरतात. टाकीतला वर्षांचा गाळ सुटून पुढे येतो आणि जेटमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉल जळायला हवा कमी लागते, एका किलोला ९ किलोच्या आसपास. म्हणून जुन्या मापाच्या जेटला हे मिश्रण थोडे पातळ पडते.

हे सगळे ऐकून आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे आपलाच ऊस आपल्या गाडीला बाधला व्हय?"

"ऊस नाही बाधला आबा," चाचा म्हणाले, "उभं राहणं बाधलं."

कार्बोरेटर उघडला तेव्हा वाटीच्या तळाला पांढरी भुकटी साचलेली होती, खरवडली तर धातूच निघून येत होता. तरीही चाचा तो साफ करून वापरायला तयार होते. त्यांनी हार मानली ती दुसऱ्या कारणाने. गळ्यात जी चकती उघडमीट करते तिची दांडी त्यांनी दोन बोटांत धरून हलवली, तर ती खुळखुळली. चाळीस वर्षांत भोक झिजून मोठे झालेले. तिथून इंजिन चोरून हवा ओढणार. नवे पॅकिंग घाला, नवे जेट घाला, ही चोरी बंद होत नाही. तेव्हा कुठे बदली कार्बोरेटर आणायचे ठरले.

आणायचा कुठून? मूळ फ्रेंच नावाचा सोलेक्स, ३२ आकड्याचा. हा आकडा म्हणजे गळ्याच्या खालच्या तोंडाचा मिलिमीटरमधला व्यास. मी पुण्यातल्या एका दुकानातून चकचकीत खोक्यातला आणला. चाचांनी खोके बाजूला टाकले आणि कार्बोरेटरचा तळ खिडकीच्या काचेवर ठेवला. एक कोपरा वर राहिला. खालून कागद सरकत होता. जेटवर आकडा नव्हता. खऱ्या जेटवर भोकाचे माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात कोरलेले असते. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. "ही वस्तू दिसायला चांगली आहे," चाचा म्हणाले, "कपाटात ठेवा." दुकानदाराने खळखळ करत का होईना, परत घेतला. शेवटी चाचांनीच मुंबईतल्या त्यांच्या एका जुन्या सोबत्याकडून वापरलेला पण अस्सल कार्बोरेटर मिळवला. त्याच्या दांडीला नवे बुशिंग बसवलेले होते. तो काचेवर ठेवला तर हलला नाही. वाचकांपैकी कुणी असा भाग घेणार असेल तर काच आणि कागद ही परीक्षा दुकानातच करून घ्यावी, त्याला पैसे पडत नाहीत.

रविवारी काम धरले. शेड सोडून गाडी ढकलत अंगणात आणली, कारण पेट्रोलची वाफ जड असते, ती जमिनीलगत कोंडून राहते. बॅटरीची वायर काढली. बादलीभर वाळू आणि ओले पोते हाताशी ठेवले. आबांची बिडी आईने स्वतः काढून घेतली. सुटे भाग ठेवायला मी परात आणली तेव्हा मात्र आई कडाडली, "त्या परातीत कणीक मळते मी!" मग मुलीच्या जुन्या कंपासपेटीचे झाकण कामी आले. मुलीने प्रत्येक नळी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतला. पूर्वी चाचा खडूने बॉनेटवर चित्र काढत.

हवेचे गाळणे, चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची सळई, पेट्रोलची नळी आणि मग बुडाचे नट, या क्रमाने जुना कार्बोरेटर निघाला. निघाल्याबरोबर चाचांनी खालच्या भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबला. एखादा वायसर त्या भोकातून इंजिनात पडला तर कार्बोरेटरचे काम राहते बाजूला आणि हेड उघडायची वेळ येते. बोळ्याचे टोक लांब बाहेर ठेवले होते. चाचांनी तरुणपणी एकदा बोळा आतच विसरून वर कार्बोरेटर बसवला होता आणि अर्धा दिवस सेल्फ मारत बसले होते. सांगताना स्वतःच हसत होते.

बसायची जागा जुन्या पॅकिंगपासून साफ करताना पाते आडवे धरावे, ओरखडा पडू देऊ नये. पॅकिंग नवेच घ्यावे आणि त्याला कसलाही डिंक लावू नये. पेट्रोलने तो विरघळून जेटमध्ये जातो. मधे उष्णता अडवणारा जाड ठोकळा असेल तर तो परत घालावाच, नाही तर उन्हाळ्यात वाटीतले पेट्रोल उकळते. नट आळीपाळीने थोडे थोडे कसावेत. मी जोर लावायला गेलो तर चाचांनी हात धरला. "बैलगाडीची आरी नाही ती. मऊ धातू आहे, कान वाकला की पुन्हा काच." पेट्रोलच्या नळीचा नट आधी बोटांनीच दोन-तीन आटे फिरवावा, मग पाना लावावा. तिरका बसला तर आटे मरतात. जुन्या रबराच्या नळ्या आम्ही सगळ्या बदलल्या, इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या. टाकी रिकामी करून धुतली आणि मधे एक छोटे गाळणे बसवले. मुख्य जेट चाचांनी एक माप मोठा घातला.

इथे सौभाग्यवतीने एक प्रश्न केला, तो लिहून ठेवण्यासारखा आहे. जुन्या कार्बोरेटरचे तुंबलेले जेट पाहून ती म्हणाली, "रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायचो तशी याला मारली असती तर?" चाचा म्हणाले, "वहिनी, स्टोव्हचं भोक मोठं झालं तर ज्योत मोठी होते, तुम्ही चावी कमी करता. याला चावी नाही." तारेने जेट साफ करू नये, हवेने फुंकून काढावे.

फ्लोटची पातळीही बसवण्याआधी पाहून घेतली. या जातीत सुईच्या बैठकीखालच्या वायसरने ती ठरते. वायसर जाड केला की पेट्रोल लवकर बंद होते आणि पातळी उतरते. पूर्वी शेडमध्ये जो वास येई त्याचे मूळ इथेच होते, सुईच्या टोकाला झीज पडून पेट्रोल वाहत होते.

सगळे जोडून झाल्यावर मला वाटले आता सेल्फ मारायचा. चाचांनी आबांना गाडीत बसवले आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला लावला. स्वतः वरून गळ्यात पाहिले. चकती पूर्ण उघडते का आणि पाय काढल्यावर झटक्यात मिटते का, हे चार वेळा पाहिले. ही तपासणी कुणीही टाळू नये. चकती उघडी अडकली तर रस्त्यावर गाडी पळतच सुटते.

आणखी एक इशारा. इंजिन लवकर पकडावे म्हणून बरेचजण वरून गळ्यात पेट्रोल ओततात. माझ्या चुलतभावाने वीसएक वर्षांपूर्वी असेच ओतले, इंजिनाने उलटा भडका मारला आणि त्याच्या भुवया, पुढचे केस आणि उजव्या हाताची कातडी गेली. हात बरा झाला, पण बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत. आम्ही हवेचे गाळणे लावूनच दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, मधे बॅटरीला विसावा दिला. तिसऱ्या खेपेला वाटी भरली आणि गाडी खोकून सुरू झाली. कुठे पेट्रोल पाझरते का हे टॉर्चने पाहिले. सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. आवाज बदलला असता तर तिथून हवा ओढली जाते असे समजायचे. आवाज बदलला नाही.

इंजिन चांगले गरम झाल्यावर शेवटचे काम राहिले, ते स्लो बसवण्याचे. बुडाशी स्प्रिंगवाला बारीक स्क्रू असतो. तो आधीच हलक्या हाताने टेकेपर्यंत आत नेऊन दीड फेरा बाहेर आणलेला होता. आता आत फिरवला की इंजिन धापा टाकते, बाहेर फिरवला की लंगडत चालते. दोहोंच्या मध्ये एक जागा असते, तिथे ते एकसारखे बोलते. ती जागा सापडली की दुसऱ्या स्क्रूने वेग उतरवायचा आणि पुन्हा पहिल्याकडे यायचे. चाचांनी दोनदा लावले आणि आबांकडे पाहिले. आबांना आता आपण बोललेले धड ऐकू येत नाही. पण त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "चिमूटभर अजून बाहीर." चाचांनी चिमूटभर फिरवले. विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचा ठोका चाळीस वर्षे ऐकलेला कान होता तो. भाऊ गोठ्याच्या दारात उभा राहून पाहत होता. त्याने येऊन मुकाट्याने हत्यारे गोळा केली.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनाची. चोक ओढला, एका सेल्फात सुरू. दोन मिनिटांनी चोक आत ढकलला, बंद पडली नाही. आठवड्याने अकलूजला जाऊन आलो. परतल्यावर चाचांच्या सांगण्याप्रमाणे गार इंजिनावर नट पुन्हा तपासले, एक चतकोर फेरा कसला गेला. प्लग काढून पाहिले तर चारही फिकट विटकरी रंगाचे निघाले. आता गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवायची असे घरात ठरले आहे. फार दिवस उभी ठेवायची झाली तर नळी काढून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे.

तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. दिवे आणि ब्रेक भाऊ पाहतो आहे. जुना कार्बोरेटर आबांनी फेकू दिला नाही. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तो त्यांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आहे, आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि त्यावरून घरात रोज थोडे भांडण होते.